निरामिष आमिष

कॅनडातल्या ओकव्हिलच्या लेकशोर मराठी मित्रमंडळाने मासेमारीच्या स्पर्धेत उतरायचं ठरवलं, ते कुणाला मासेमारीची आवड होती म्हणून नव्हे. तेलुगू संघाने दोन जोड्या नोंदवल्याचं कळलं, म्हणून.

आमंत्रण गावातल्या अँगलर्स क्लबकडून आलं होतं. क्लब जुना, इंग्लंडहून आलेल्या लोकांनी काढलेला. ते लोक आता म्हातारे झाले होते, नवे सभासद मिळत नव्हते. म्हणून यंदा क्लबने गावातल्या सगळ्या समाजांना 'मल्टिकल्चरल कोर्स फिशिंग मॅच'ला बोलावलं. मंडळाचे अध्यक्ष चारुदत्त आगाशे यांनी तो ई-मेल आपल्या बेसमेंटमध्ये कार्यकारिणीपुढे मोठ्याने वाचला.

"कोर्स किती आठवड्यांचा आहे?" एकाने विचारलं.

"ऑनलाइन आहे का? सर्टिफिकेट देतात?" दुसऱ्याने विचारलं.

मंडळाचा सचिव देवदत्त फोनवर शोधत होता. तो म्हणाला, "हा तो कोर्स नव्हे हो. इंग्रजांनी माशांत पण वर्ण पाडलेत. साल्मन, ट्राउट हे वरचे. बाकीचे सगळे कोर्स, म्हणजे भरड. या तळ्यात कार्प आहेत. कार्प म्हणजे आपल्या रोहूच्या गोतातला. पकडायचा, वजन करायचं आणि परत पाण्यात सोडायचा. खायचा नाही."

"मग पकडायचा कशाला?" चहाचा ट्रे घेऊन खाली आलेल्या शीलाने, म्हणजे चारुदत्तच्या बायकोने विचारलं.

ती कार्यकारिणीवर नसल्यामुळे उत्तर देण्याची कुणाला गरज वाटली नाही.

खरी अडचण वेगळी होती. मंडळाच्या घटनेप्रमाणे मंडळाचा प्रत्येक कार्यक्रम शाकाहारी असायला हवा. शिवाय स्पर्धा ऑगस्टमधल्या शनिवारी, म्हणजे ऐन श्रावणात. चारुदत्त स्वतः पुण्याचा, एका सॉफ्टवेअर कंपनीत डायरेक्टर. पंचवीस वर्षं कॅनडात काढून अंड्याच्या केकलाही न शिवलेला. ऑफिसच्या बार्बेक्यूला तो स्वतःची वेगळी शेगडी घेऊन जायचा आणि तिच्यावर 'प्लीज डू नॉट टच' अशी चिठ्ठी लावायचा. पण तेलुगू संघाच्या दोन जोड्या त्याच्या डोक्यातून जात नव्हत्या. मागच्याच वर्षी गावाच्या परेडमध्ये त्यांचा चित्ररथ आपल्या पुढे होता.

"सोडूनच द्यायचा आहे ना मासा?" तो विचार करत म्हणाला. "मग हिंसा कुठे आली? उलट आपण त्याला जीवदान देतो. प्रश्न फक्त गळाला काय लावायचं याचा आहे. आमिष शाकाहारी ठेवलं की झालं."

असा ठराव लिहिला गेला: मंडळ स्पर्धेत भाग घेईल, मात्र आमिष निरामिष राहील. गांडूळ, अळी वगैरे चालणार नाही. कणीक, मका चालेल. श्रावण लक्षात घेता कांदा-लसूण नको, असं कुणीतरी सुचवलं. तेही घातलं.

"जोडीत एक मी," चारुदत्त म्हणाला. "दुसरा कोण?"

सगळ्यांचे डोळे एकदम कोपऱ्याकडे वळले. कोपऱ्यात कॉस्मस घोन्साल्विस बसला होता.

कॉस्मस टोरोंटोतल्या एका बँकेत डेटाबेस सांभाळायचा. गाव वसईजवळचं. दोन वर्षांपूर्वी आन्नाला, त्याच्या बायकोला वाटलं, आपली माणसं सगळी चर्चमधली. जरा मराठी मंडळातही जाऊ या. तिथे त्याचं चांगलं स्वागत झालं. 'आपल्याकडे ख्रिश्चन पण आहेत' असं चारुदत्त दोन भाषणांत म्हणाला, आणि कॉस्मसला पार्किंग दिलं. तेव्हापासून संक्रांत असो, गणपती असो की दिवाळी पहाट, कॉस्मस पिवळं जाकीट घालून बाहेर गाड्या लावून घेत उभा असायचा. आतलं नाटक त्याने एकदाही पहिल्या अंकापासून पाहिलं नव्हतं.

"आपले कॉस्मसराव आहेत की!" देवदत्त ओरडला. "वसईचे!"

"समुद्रकाठचे!"

"रक्तातच आहे त्यांच्या!"

"तसं नाही," कॉस्मस म्हणाला, "आमची केळीची वाडी होती. मासे तर कोळीण—"

पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. चारुदत्तने उठून त्याचा हात हातात घेतला. "कॉस्मसराव, आजपासून तुम्ही कॅप्टन." दोन वर्षांत चारुदत्तने त्याला नावाने हाक मारली ती पहिल्यांदाच. एरवी 'अरे, ते पार्किंगवाले' असंच चालायचं. केळीच्या वाडीचं सांगणं कॉस्मसने पुढे ढकललं. टाळ्या त्याच्यासाठी होत्या, आणि त्या ऐकायला बऱ्या वाटत होत्या.

घरी आल्यावर आन्ना इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं.

"तू? पापलेट साफ करताना तू किचनच्या बाहेर उभा असतोस."

"त्याचे डोळे बघवत नाहीत मला."

"मग उद्या फोन करून सांग त्यांना. आम्ही वाडीतली माणसं, केळी लावायचो, ती वाळवून सुकेळी करायचो. मासे दारात विकत घ्यायचो. सरळ सांग."

दुसऱ्या दिवशी त्याने खरंच फोन केला. पण तो काही बोलायच्या आत चारुदत्त म्हणाला, "कॉस्मसराव, तुमचंच नाव काढत होतो. एक सांगा, ऑगस्टमध्ये पाण्याचं काय असतं?"

कॉस्मसला काहीतरी बोलणं भाग होतं. तो म्हणाला, "पाणी... वाचावं लागतं, साहेब."

फोन तसाच धरून चारुदत्त पलीकडे वळला. कुणाला तरी तो हळूच म्हणाला, "पाणी वाचावं लागतं. बघ, याला म्हणतात अनुभव."

ते वाक्य संध्याकाळपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलं, खाली समुद्राच्या फोटोसह. मग कॉस्मसला फोन येऊ लागले. बांगडा ताजा आहे हे कसं ओळखायचं? श्रावण संपल्यावर सुरमई कुठून घ्यावी? शेजारच्या मिल्टन गावच्या एका बाईंनी तर पौर्णिमेचा माशांवर परिणाम होतो का विचारलं. कॉस्मस लंच टाइममध्ये इंटरनेटवर वाचायचा आणि गंभीर आवाजात उत्तरं द्यायचा. चौथ्या-पाचव्या फोननंतर आन्नाच्या लक्षात आलं, की तो फोनची वाट बघतो.

"सांगितलंस का त्यांना?" ती विचारायची.

"सांगतो ना. योग्य वेळ येऊ दे."

इकडे चारुदत्तने स्पर्धा अंगावर घेतली होती. त्याने स्लाइड्स केल्या. तळ्याची खोली, वाऱ्याची दिशा, माशाचं मानसशास्त्र. त्याने महागातली काठी आणली, घडीची खुर्ची आणली, हिरवी टोपी आणली. भगव्या रंगाचे टी-शर्ट छापले. पाठीवर लिहिलं, 'पकडू, पण सोडू'. आमिषाचं काम शीलाकडे आलं. वेगवेगळ्या पिठांचे गोळे करून तिने फ्रीजमध्ये ओळीने ठेवले: वेलदोड्याचा, बडीशेपेचा, हिंगाचा.

शीला माहेरची कारवारकडची. लग्नाआधी तिच्या घरी मासळीशिवाय जेवण होत नसे. लग्नानंतर सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे चालत नाही हं. तेव्हापासून तिने सोडलं. त्याबद्दल ती कधी बोलत नसे. हिंगाचे गोळे वळता वळता ती एवढंच म्हणाली, "माशांसाठी स्वयंपाक करायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. उलटं चाललंय सगळं."

"मॉम, धिस इज सो वीअर्ड," त्यांची मुलगी जाई म्हणाली. फ्रीज उघडून तिने चुकून माशांसाठीचा एक गोळा खाल्ला होता. "पण टेस्टी आहे, ॲक्चुअली."

स्पर्धेच्या दिवशी सकाळी तळ्याकाठी सगळे समाज जमले. गावाच्या उत्तरेला एका शेतात खणलेलं ते गोल तळं होतं, काठाला लव्हाळी, पाणी चहासारखं तांबूस. पोर्तुगीज आले होते, पोलिश आले होते, युक्रेनियन, फिलिपिनो, तेलुगूंच्या दोन जोड्या. क्लबचे जुने सभासद आपापल्या हिरव्या छत्र्यांखाली, आपापल्या पेट्यांवर, एकमेकांशी न बोलता बसले होते. त्यातल्या कुणाच्याही चेहऱ्यावर आनंद दिसत नव्हता. त्यांच्याकडे बघून शीला म्हणाली, "हे लोक दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे का बसलेत?"

क्लबचा सेक्रेटरी डग, सत्तरी ओलांडलेला, गालावर लाल शिरा असलेला सौम्य म्हातारा. त्याने नियम सांगितले. काठावरच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरतील. शिट्टी झाली की गळ टाकायचा. दिवसाअखेर ज्यांच्या माशांचं एकूण वजन जास्त, ते जिंकले. माशाला हात लावण्याआधी आपले हात ओले करायचे. माशाला ओल्या गादीवरच निजवायचं. गळाची जखम झाली तर हे औषध लावायचं. माशाशी मोठ्याने बोलायचं नाही.

"माझ्या गुडघ्याला स्पेशालिस्ट मिळायला वर्ष गेलं," देवदत्त पुटपुटला. "इथे माशाला ताबडतोब."

चिठ्ठीत मंडळाला लव्हाळीजवळची जागा आली. उजवीकडे एक जुना इंग्रज सभासद, डावीकडे तेलुगूंची पहिली जोडी, दोघे भाऊ. डग येऊन कॉस्मसला म्हणाला, "तुम्ही समुद्रावरचे मच्छीमार आहात असं तुमच्या प्रेसिडेंटनी सांगितलं. आमच्या या डबक्यात तुम्हाला कंटाळा येईल, सॉरी."

कॉस्मस हसला. वेलदोड्याचा गोळा तो उगाचच पुन्हा वळू लागला.

शिट्टी झाली. कॉस्मसने आठवडाभर व्हिडिओ पाहिले होते, त्याप्रमाणे काठी मागे नेली आणि जोरात फेकली. गळ मागच्या झाडात अडकला. चारुदत्तने आदराने विचारलं, "ही वसईकडची पद्धत का?" दुसऱ्यांदा गळ चारुदत्तच्या हिरव्या टोपीत रुतला. तिसऱ्यांदा तो एकदाचा पाण्यात पडला, आणि लाल टोकाचा फ्लोट पाण्यावर उभा राहून डुलू लागला.

मग काहीच झालं नाही. बराच वेळ काहीच झालं नाही. वेलदोडा झाला, बडीशेप झाली, मग हिंग. डावीकडच्या तेलुगू भावांना एक मासा लागला. थोड्या वेळाने दुसरा.

"ते काय लावतायत?" चारुदत्तने विचारलं.

"गांडूळ," कॉस्मस म्हणाला.

"छे छे." चारुदत्तने मान फिरवली. पण त्याची मान पुन्हा पुन्हा तिकडेच वळत राहिली.

इतक्यात पार्किंगच्या बाजूने ताशाचा आवाज आला. मंडळाचं ढोलपथक आलं होतं. देवदत्तनेच बोलावलं होतं, आपल्या जोडीला चेव यावा म्हणून. नऊवारी आणि सनग्लासेस घातलेल्या बायका, कमरेला ढोल बांधलेले इंजिनिअर, पुढे झेंडा. त्यांनी लव्हाळीपाशी रिंगण केलं आणि पहिला ठोका पडला. पाण्यावर बारीक थरथर उठली. क्लबच्या म्हाताऱ्यांच्या छत्र्या एकामागून एक वळल्या. उजवीकडच्या इंग्रजाने डोळे मिटून घेतले.

डग लगबगीने आला. त्याला ओरडायचं होतं हे दिसत होतं, पण तो कॅनडात जन्मला होता. "सॉरी," तो चारुदत्तला म्हणाला, "इज धिस... अ रिलिजस ऑब्झर्व्हन्स?"

चारुदत्तने क्षणभर विचार केला. पंचवीस वर्षांत तो एक गोष्ट शिकला होता. हौस म्हटलं तर बंद करायला लावतात, धर्म म्हटलं तर कुणी बोलत नाही. "येस," तो म्हणाला. "व्हेरी."

डगचा चेहरा बदलला. त्याने टोपी काढली. काठाने चालत जाऊन त्याने प्रत्येकाला हलक्या आवाजात काही सांगितलं, आणि तळ्याभोवतीची सगळी माणसं, पोर्तुगीज, पोलिश, युक्रेनियन, गळ बाहेर काढून आदराने उभी राहिली. नियमच होता म्हणे: प्रार्थना चालू असताना मासेमारी थांबवायची. तेलुगू भाऊही उभे राहिले. त्यांना ढोल काय ते चांगलं माहीत होतं. त्यातला थोरला चारुदत्तकडे बघून हिंदीत म्हणाला, "सर, ये कौनसी पूजा है?"

चारुदत्तने ऐकू न आल्यासारखं केलं. मग त्याच्या लक्षात आलं की सगळ्यांबरोबर आपलाही वेळ चाललाय, आणि पथकाकडे वेळ भरपूर आहे. शेवटी त्याने स्वतःच जाऊन ढोल थांबवले. पथक रुसून बटाटेवडे खायला बसलं.

पुन्हा गळ पडले. तेलुगूंना ढोलानंतर लगेच तिसरा लागला. माशांना बहुधा ढोल आवडला असावा, पण ते डावीकडेच गेले होते.

आता कॉस्मसला राहवेना. उन्हाने त्याची मान भाजली होती, आणि काठावर बसलेली मंडळाची पन्नास माणसं त्याच्या फ्लोटकडे टक लावून बघत होती. तो हळूच म्हणाला, "साहेब, मला एक सांगायचंय. मी आयुष्यात कधी मासा पकडलेला नाही. आमची केळीची बाग होती. मला जिवंत माशाची भीती वाटते."

चारुदत्तने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल झाले होते. "कॉस्मसराव," तो म्हणाला, "ही विनयाची वेळ नाही. तीन झालेत त्यांचे. तीन!"

"विनय नाही हो, खरंच—"

"तुम्ही काठी धरा. मी आलो."

चारुदत्त उठला आणि उजवीकडच्या इंग्रजाजवळ जाऊन उकिडवा बसला. कॉस्मसला ऐकू आलं ते एवढंच: "एक्स्क्यूज मी, सर. कुड आय बॉरो अ वर्म?"

इंग्रजाने न बोलता डबी पुढे केली. अंड्याच्या केकला न शिवलेल्या चारुदत्तने दोन बोटांत ते गांडूळ उचललं. ते वळवळलं. त्याने मूठ मिटली, मंडळाच्या लोकांकडे पाठ केली आणि कॉस्मसजवळ आला.

"लावा."

"मी? साहेब, मला नाही जमणार. ते हलतंय."

"तुम्ही कॅप्टन आहात!"

"मग ठरावाचं काय?"

"ठराव आमिषाबद्दल आहे. आपण त्याला मारत नाही, फक्त पाण्यात सोडतो. पुढे त्याचं आणि माशाचं काय ते ते दोघे बघतील." असं म्हणून चारुदत्तने दात आवळून गांडूळ स्वतःच गळाला लावलं. काम नीट झालं होतं.

फ्लोट एकदा हलला. दोनदा हलला. आणि मग सरळ खाली गेला, जणू कुणी खालून हाताने ओढला.

कॉस्मस किंचाळला. काठी कमानीसारखी वाकली. काय करायचं ते न सुचल्यामुळे तो काठी घट्ट धरून मागे पळत सुटला, शेताच्या दिशेने, बटाटेवडे खाणाऱ्या ढोलपथकातून. "अडवा! त्याला अडवा!" चारुदत्त ओरडत होता, पण माशाला की कॉस्मसला ते कळत नव्हतं. उजवीकडचा इंग्रज त्या दिवशी पहिल्यांदाच बोलला. तो म्हणाला, "नेट! द नेट, मॅन!"

चारुदत्तने जाळी उचलली, बूट न काढता पाण्यात उतरला, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. पाणी ढवळलं. त्यातून सोनेरी खवल्यांची एक लांबलचक पाठ वर आली. जाळीत ती मावेना. चारुदत्तने जाळी टाकून दिली आणि दोन्ही हातांनी त्या माशाला मिठी मारली. मासा त्याच्या छातीवर शेपटी आपटत होता, चिखल त्याच्या तोंडात गेला होता आणि तो हसत होता. शीलाने त्याला इतकं हसताना जाईच्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं.

"सोडू नका! सोडू नका!" पाठीवर 'पकडू, पण सोडू' लिहिलेली पन्नास माणसं ओरडत होती.

माशाला ओल्या गादीवर निजवलं. डगने वजन केलं. अठ्ठावीस पौंड. तळ्याभोवती कुजबुज झाली. म्हातारे छत्र्या सोडून बघायला आले. शीला गादीजवळ येऊन उभी राहिली. तिने माशाला डोक्यापासून शेपटीपर्यंत नीट पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं?" चारुदत्तने धापा टाकत विचारलं. "आनंद झाला ना?"

"केवढा हा," ती म्हणाली. "नुसतं डोकं घेतलं असतं तरी सगळ्यांना आमटी पुरली असती. आणि सोडून द्यायचा?"

डगने माशाच्या ओठाला औषध लावलं आणि त्याला पाण्यात सोडलं. तो क्षणभर काठाशी थांबला, मग शांतपणे निघून गेला. शीला बराच वेळ त्या दिशेने बघत होती.

एकूण वजनात तेलुगू संघ जिंकला. पण दिवसातला सगळ्यात मोठा मासा म्हणून एक वेगळा करंडक होता. तो द्यायला डगने मंडळाच्या जोडीला पुढे बोलावलं. चारुदत्तच्या बुटांतून पाणी गळत होतं. डगने माइक पुढे धरला. "क्लबच्या रेकॉर्डसाठी सांगा, आमिष काय होतं?"

पन्नास माणसं कान देऊन ऐकत होती. चारुदत्त म्हणाला, "वेल... इट्स अ ट्रॅडिशनल महाराष्ट्रियन रेसिपी. वुइथ कार्डमम."

टाळ्या झाल्या. डगने माइक कॉस्मसपुढे नेला. "आणि आमचे अनुभवी मच्छीमार काय म्हणतात?"

कॉस्मसने माइक घेतला. त्याचे हात चिखलाने भरले होते, त्याने केळफुलाएवढाही मासा कधी उचलला नव्हता, आणि समोर आन्ना हाताची घडी घालून उभी होती. तो मराठीत बोलला, कारण ते मराठी माणसांनाच सांगायचं होतं.

"मासा गांडुळाला लागला. वेलदोड्याला नाही. आणि दुसरं, मला मासेमारी येत नाही. कधीच येत नव्हती. आमच्या घरात कुणालाच येत नव्हती. आम्ही केळीवाले. मी तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगत होतो, पण नंतर मलाच ते बरं वाटायला लागलं. मला माफ करा."

दोन गोष्टी एकदम झाल्या. गांडुळाबद्दल मागून आवाज उठला: "काय? गांडूळ?" "श्रावणात?" "घटनेत काय आहे?" आणि मासेमारीबद्दल पुढून टाळ्या पडल्या. देवदत्त तर उठून उभा राहिला. "बघा!" तो म्हणाला. "एवढा मासा काढला, आणि म्हणतो मला येत नाही. ही नम्रता आपल्या पोरांनी शिकायला हवी."

"अहो पण खरंच येत नाही!" कॉस्मस ओरडला. टाळ्या वाढल्या.

जाईने हे सगळं फोनवर घेतलं होतं. "अंकल, दे विल नेव्हर बिलीव्ह यू," ती नंतर गाडीजवळ त्याला म्हणाली. "जस्ट टेक द विन."

तातडीची सभा दुसऱ्याच दिवशी भरली, पुन्हा त्याच बेसमेंटमध्ये. चारुदत्तचा राजीनामा मागणाऱ्यांचा एक गट आला होता. त्यातल्या दोघांनी स्पर्धेच्या दिवशी चारुदत्तला खांद्यावर घेतलं होतं. वाद चांगलाच रंगला. माणूस कमरेपर्यंत पाण्यात उतरून माशाला मिठी मारतो, हा मांसाहार धरायचा की स्पर्श? एका काकांनी सोवळ्यातली काही उदाहरणं दिली. शेवटी देवदत्तने मार्ग काढला. त्याने ठराव पुन्हा वाचला आणि विचारलं, "हे गांडूळ मंडळाचं होतं का?"

"नाही," चारुदत्त म्हणाला. "त्या इंग्रजाचं."

"म्हणजे गांडूळ बिगरसभासद होतं. मंडळाचं आमिष शेवटपर्यंत निरामिषच राहिलं."

सगळ्यांनाच घरी जायची घाई होती. ते मान्य झालं. वर असंही ठरलं, की यंदा गणपतीच्या विसर्जनाची जबाबदारी कॉस्मसरावांकडे द्यावी, कारण पाण्यातलं त्यांना कळतं. विसर्जन दरवर्षी शाळेच्या मैदानावर प्लॅस्टिकच्या टबात व्हायचं.

घरी आल्यावर कॉस्मसने हे आन्नाला सांगितलं. या वेळी ती हसली नाही. "मी येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "टब तरी नीट भरू."

विसर्जन छान पार पडलं. फक्त चारुदत्तचं त्यात लक्ष नव्हतं. तो तळ्यावरून परतलाच नव्हता म्हणा ना. क्लबने त्याला सभासद करून घेतलं होतं. कित्येक वर्षांनी मिळालेला पहिला नवा सभासद. त्याने हिरवी छत्री घेतली, पेटी घेतली. मंडळाच्या मीटिंगा तो फोनवर, कुजबुजत्या आवाजात घेऊ लागला. दर शनिवारी सकाळी तो कॉस्मसला गाडीत घालून तळ्यावर नेई, कारण गुरूशिवाय जाणं त्याला बरं वाटत नसे. कॉस्मस शेजारी खुर्ची टाकून बसायचा आणि गुपचूप चारुदत्तचं बघून शिकायचा. त्याने काहीही सांगितलं, तरी चारुदत्त मान डोलवायचा. त्यामुळे त्याने हळूहळू सांगणं सोडलं, आणि त्या शांततेत दोघांचं चांगलं जमलं.

अशाच एका शनिवारी शीलाने आन्नाला फोन केला.

"ते दोघे तिकडे बसलेत. तू आज जेवायला काय करतेयस?"

"बोंबील आणलेत. येतेस?"

शीला गेली. पहिला बोंबील तिने हळूहळू खाल्ला, काट्यांचा छोटा ढीग ताटाच्या कडेला नीट रचत. दुसरा खाताना तिने विचारलं, रवा कुठला वापरतेस? तिसरा तिने मागून घेतला.

संध्याकाळी चारुदत्त घरी आला, तेव्हा त्याच्या कपड्यांना शेवाळाचा, चिखलाचा आणि गांडुळाच्या मातीचा वास येत होता. शीलाच्या केसांना तळलेल्या मासळीचा. दारात दोघे एकमेकांसमोर उभे राहिले. चारुदत्तने नाक किंचित वर केलं, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"तू पकडून सोडतोस," शीला शांतपणे म्हणाली. "मी न पकडता खाते. बाथरूममध्ये आधी कोण जातंय?"

"तू जा," चारुदत्त म्हणाला, आणि चिखलाचे बूट काढायला पायरीवर बसला.